चौथीची चाळणी, आठवीची शाखा

जर्मनीच्या बव्हेरिया राज्यात मुलाने पुढे कुठल्या प्रकारच्या शाळेत जायचं हे चौथीत ठरतं. दहावीत नाही, बारावीत नाही, चौथीत. म्हणजे मूल जेमतेम दहा वर्षांचं असताना. भारतातून इथे येणाऱ्या आईबापांना व्हिसा, घर, बँकेचं खातं, आरोग्यविमा या यादीबरोबरच कोणीतरी हेही सांगायला हवं. आम्हाला ते कळलं आमची मुक्ता तिसरीत गेल्यावर, आणि तेही शेजारच्या बंगाली बाईंकडून, इमारतीच्या तळघरात कपडे वाळत घालताना.

आम्ही पुण्याहून एर्लांगनला आलो जानेवारी २०२० मध्ये. न्यूरेंबर्गला लागून असलेलं हे विद्यापीठाचं शहर. वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या उद्योगामुळे इथे भारतीय बरेच आहेत, त्यात मराठी माणसंही चिक्कार. मुक्ता दुसरीच्या वर्गात अर्धं वर्ष संपल्यावर जाऊन बसली तेव्हा तिला जर्मनचा ओ की ठो येत नव्हता. मुलं काय, दोन महिन्यांत बोलायला लागतात, असं सगळे म्हणत होते. त्या दोन महिन्यांनंतर, मार्चच्या मध्याला, कोविडमुळे शाळाच बंद झाल्या. ज्या वयात पोरं मैदानात भांडता भांडता भाषा उचलतात, त्या वयात आमची लेक घरात बसून आमच्याशी मराठीत भांडत होती. पुढे शाळा उघडल्या तरी मास्क होते. नवीन भाषा शिकणाऱ्याला समोरच्याचे ओठ दिसणं किती गरजेचं असतं हे मला तेव्हा समजलं.

इथली रचना थोडक्यात अशी. पहिली ते चौथी ग्रुंडशूल, सगळ्यांना सारखी. त्यानंतर तीन वाटा: मिटलशूल (कामधंद्याकडे नेणारी), रेआलशूल (दहावीपर्यंतची, मधली) आणि गिम्नाझियम. यातलं गिम्नाझियम म्हणजे पाचवी ते तेरावी. शेवटी आबिटुरची परीक्षा, आणि ती पास झालं की विद्यापीठाचा दरवाजा उघडा. तेरावी हा शब्द ऐकून आपल्याकडचे लोक दचकतात. २००४ मध्ये बव्हेरियाने गिम्नाझियम आठ वर्षांवर आणलं होतं, पण मुलांवर ताण फार येतो म्हणून ओरड झाली आणि २०१८-१९ पासून पाचवी-सहावीच्या मुलांना पुन्हा नऊ वर्षं मिळाली. त्यामुळे नऊ वर्षांवाल्यांच्या पहिल्या तुकडीची आबिटुर २०२६ ची. मुक्ताचा नंबर २०३१ चा.

हे सगळं बव्हेरियापुरतं, बरं का. जर्मनीत सोळा राज्यं आणि शिक्षण प्रत्येक राज्याच्या हातात. बर्लिनमध्ये प्राथमिक शाळा सहावीपर्यंत चालते. नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालेनमध्ये शाळा फक्त शिफारस करते, निर्णय आईबापांचा. त्यामुळे ड्युसेलडॉर्फच्या मैत्रिणीचा सल्ला एर्लांगनमध्ये काडीच्या उपयोगाचा नाही, आणि माझा तिला नाही.

इथे गुण उलटे असतात: १ म्हणजे उत्तम, ६ म्हणजे नापास. चौथीत जर्मन, गणित आणि एचएसयू (आपल्या परिसर अभ्यासासारखा विषय) या तीन विषयांची सरासरी काढतात. ती २.३३ पर्यंत असेल तर गिम्नाझियम, २.६६ पर्यंत असेल तर रेआलशूल. तीनच विषय आणि तिन्हींचे गुण पूर्णांकात, त्यामुळे दशांशांचा बाऊ करण्याचं कारण नाही. तिन्हींची बेरीज सातपर्यंत आली तर गिम्नाझियम, आठ आली तर रेआलशूल. पण २.३३ हा आकडा पालकांच्या तोंडी असा बसलाय की आपल्याकडे 'कट-ऑफ' म्हणताना जो सूर लागतो तोच तो म्हणताना लागतो.

एचएसयू हा विषय मला फार आवडला, आणि त्यानेच आमचा घाम काढला. भूगोल, नागरिकशास्त्र, निसर्ग, वाहतुकीचे नियम, सगळं एकत्र. जंगलाचे मजले किती आणि कोणत्या मजल्यावर कोण राहतं, पाण्याचं चक्र, नकाशावरच्या समोच्च रेषा, नगरपालिका काय करते, महापौर कसा निवडतात. चौथीत पोलीस येऊन सायकलची परीक्षाही घेतात: हात दाखवून डावीकडे वळायचं, मागे वळून बघायचं, उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. सायकलच्या परीक्षेत मुक्ता पहिल्या झटक्यात पास. जंगलाच्या मजल्यांत मात्र अडकली. तिला शेवाळ माहीत होतं, झुडूप माहीत होतं, बुरशीही माहीत होती. पण उत्तरपत्रिकेत ते जर्मनमध्ये, योग्य लिंगासकट आणि योग्य स्पेलिंगने हवं. गणितातही तेच. भागाकार पाठ, पण शाब्दिक उदाहरणात 'निम्म्याहून तीन कमी' असं काही आलं की गाडं रुतायचं. म्हणजे विषय तीन दिसतात, परीक्षा एकाच गोष्टीची: जर्मनची.

हा माझा सगळ्यात मोठा आक्षेप आहे आणि तो आजही आहे. दहाव्या वर्षी मुलं वेगवेगळ्या वाटांना लावायची, तीही अशा मोजपट्टीने की ज्या घरात संध्याकाळी जर्मनमध्ये गप्पा होतात ते घर आपोआप पुढे. इथल्या शिक्षकांनाही हे दिसतं, त्यातले कित्येक बोलूनही दाखवतात. रेआलशूलनंतरही पुढे विद्यापीठापर्यंत जाता येतं, रस्ते खुले आहेत, हे खरं आहे आणि कागदावर स्पष्ट लिहिलेलं आहे. पण चौथीच्या वर्षात पालकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं तर तसं वाटत नाही. चाचण्या एक आठवडा आधी सांगायचा नियम आहे, आणि वर्षात काही काळ चाचणीच घ्यायची नाही असाही नियम आहे. नियम मुलांवर दया करून केलेत. त्या दयेचा लाभ उठवून लोक आठवडाभर शिकवणी लावतात, हा भाग वेगळा. पुण्यात स्कॉलरशिपच्या परीक्षेला जे वातावरण असतं, तेच इथे जर्मन शिस्तीत.

डिसेंबरात वर्गशिक्षिकेने आम्हाला बोलावलं. मी मनात वाक्यांची जुळवाजुळव करून गेले होते. बाईंनी शांतपणे एक तरतूद समोर ठेवली. ज्यांची मातृभाषा जर्मन नाही आणि जी मुलं पहिलीपासून जर्मन शाळेत नव्हती, त्यांची सरासरी ३.३३ पर्यंत असली तरी गिम्नाझियमसाठी पात्र ठरवता येतं, अट एवढीच की कमतरता भाषेची आहे आणि ती भरून निघेल असं शाळेला वाटलं पाहिजे. मुक्ता दुसरीत आली होती, म्हणजे नियम तिला लागू. हे ऐकून नवऱ्याने तिथेच खुर्चीत जरा पाय पसरले. नंतर ओळखीतल्या किती भारतीय कुटुंबांना मी हे सांगितलं, बहुतेकांनी कधी ऐकलंही नव्हतं. एका कुटुंबाच्या शाळेत कोणी सांगितलंच नाही आणि त्यांनी विचारलंही नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितेय: तुमचं मूल पहिलीनंतर आलं असेल तर वर्गशिक्षकांना याबद्दल थेट विचारा, आणि शेवटच्या आठवड्यात नको, हिवाळ्यातच विचारा.

मे २०२२ च्या सुरुवातीला गुणपत्रक हातात आलं. जर्मन ३, गणित २, एचएसयू ३. बेरीज आठ, सरासरी २.६६. नेहमीच्या नियमाने रेआलशूल. खाली शिक्षिकेचा शेरा, आणि त्याच्या शेवटी गिम्नाझियमसाठी पात्र हे वाक्य. तो कागद मी पुन्हा पुन्हा वाचला. जर्मन सरकारी वाक्यात 'नाही' कुठेतरी शेवटी दडून बसलेला असतो, त्याची धास्ती.

ज्यांना हा रस्ता नाही त्यांच्यासाठी प्रोबेउंटररिश्ट असतं. तीन दिवस गिम्नाझियममध्ये जाऊन बसायचं, जर्मन आणि गणिताचे पेपर द्यायचे, तोंडीही होतं. एका विषयात ३ आणि दुसऱ्यात ४ मिळाले की प्रवेश. दोन्हींत ४ आले तर निर्णय आईबापांवर. मुक्ताच्या वर्गातला एक मुलगा असाच आत गेला आणि आज तिच्याच शाळेत मजेत आहे.

शाळा कोणती घ्यायची हा पुढचा प्रश्न. एर्लांगनमध्ये गिम्नाझियमं अनेक आहेत आणि प्रत्येकाची घडण निराळी. कुठे लॅटिन-ग्रीकची जुनी परंपरा, कुठे संगीत, कुठे भाषा आणि विज्ञान अशा दोन शाखा. दोन शाळांची नावंच गंमतशीर आहेत. एक गेओर्ग झिमोन ओमच्या नावाची, जो १७८९ मध्ये याच गावात जन्मला आणि पुढे कोलोनच्या गिम्नाझियममध्ये मास्तरकी करत विजेवर प्रयोग करत राहिला. दुसरी एमी न्यॉटरच्या नावाची. ती १८८२ ची, तीही इथलीच. तिच्या काळी गावातल्या गिम्नाझियममध्ये मुलींना प्रवेश नव्हता. तिने १९०० मध्ये इंग्रजी आणि फ्रेंच शिकवण्याची परीक्षा दिली, भाषाशिक्षिका व्हायची पात्रता मिळवली. मग १९०३ मध्ये न्यूरेंबर्गला बाहेरून आबिटुरच्या दर्जाची परीक्षा देऊन गणिताकडे वळली आणि १९०७ मध्ये डॉक्टरेट मिळवली. आधुनिक बीजगणिताची ही आई. भाषा की विज्ञान या वादात कोणी माझं डोकं खाल्लं की मी तिचं नाव घेते.

आम्ही निवडलेली शाळा भाषा आणि विज्ञान अशा दोन शाखांची. (नाव सांगत नाही, कारण शाळेची जाहिरात करायची नाही आणि पुढे थोड्या तक्रारीही आहेत.) त्या वर्षी कोविडमुळे माहितीसभा ऑनलाइन झाली आणि शाळा दाखवली ती छोट्या गटांत, मास्क लावून. प्रयोगशाळेत मोठ्या वर्गातल्या मुलांनी लाल कोबीचा रस परीक्षानळ्यांत भरून ठेवला होता; त्यात लिंबू पिळलं की गुलाबी, सोडा टाकला की निळा-हिरवा. लॅटिनच्या वर्गात मेणाच्या पाट्या. मुक्ताने एका पाटीवर आपलं नाव देवनागरीत कोरलं आणि तिथली मुलगी म्हणाली, हे लॅटिन नाहीये. मला ती शाळा तिथेच आवडली.

प्रवेशाचे दिवस मे महिन्यात ठरलेले असतात. लागणारे कागद: मूळ गुणपत्रक, जन्माचा दाखला, आणि गोवर प्रतिबंधक लसीचा पुरावा. गोवराचा कायदा मार्च २०२० पासून लागू आहे, दोन डोस दाखवावेच लागतात. आमच्याकडे पुण्याच्या बालरोगतज्ज्ञांची फाइल होती, डॉक्टरांच्या अक्षरात. इथल्या डॉक्टरांनी ती भिंगाखाली धरल्यासारखी वाचली, एमएमआरच्या दोन तारखा शोधल्या आणि पिवळ्या लसपुस्तिकेत उतरवून शिक्का मारून दिला. महापालिकेचा जन्मदाखला मराठी-इंग्रजीत असतो. आम्ही शपथबद्ध अनुवादकाकडून त्याचं जर्मन भाषांतर आधीच करून ठेवलं होतं, ते कामी आलं. अर्जावर धर्माचा रकाना असतो. कॅथलिक, प्रोटेस्टंट यांचे धर्मशिक्षणाचे तास वेगळे होतात आणि बाकीच्यांसाठी नीतिशास्त्र. मुक्ता नीतिशास्त्रात जाते, आणि तिच्या मते शाळेतला तो सगळ्यात चांगला तास, कारण तिथे वाद घालायचे गुण मिळतात. फी शून्य. पुस्तकं शाळा वापरायला देते, वर्षअखेर परत करायची. कव्हर घालून, हे सांगायला नको. घर शाळेपासून तीन किलोमीटरपेक्षा लांब असेल तर दहावीपर्यंत बसचा पासही मिळतो. आम्ही त्याहून जवळ राहतो, सायकल.

पाचवी सुरू झाली सप्टेंबरमध्ये. पहिली परकी भाषा इंग्रजी. आम्ही निर्धास्त होतो. पोरगी पुण्यात इंग्रजी माध्यमात होती, घरात इंग्रजी गोष्टींची पुस्तकं वाचते. पहिल्या शब्दचाचणीत ४ मिळाले. कागद घरी आला, पालकांच्या सहीसाठी. डाव्या रकान्यात जर्मन शब्द, उजवीकडे इंग्रजी लिहायचा. तिसऱ्या ओळीत जर्मन शब्द होता 'त्साउन'. उजवीकडे कोरं. मी म्हटलं, अगं, फेन्स. ती म्हणाली, फेन्स मला येतं, त्साउन म्हणजे कुंपण हे माहीत नव्हतं. कागदावर अशा सहा-सात कोऱ्या जागा, आणि प्रत्येक ठिकाणी इंग्रजी शब्द तिला येत होता. तेव्हापासून आम्ही तीन रकान्यांची वही केली, जर्मन, इंग्रजी, मराठी. मराठीचा रकाना तिनेच हट्टाने ठेवला.

परीक्षांचे प्रकार समजून घ्यायला मला वेळ लागला. मोठी चाचणी, तिला शूलआउफगाबं म्हणतात, ती निदान आठवडाभर आधी सांगतात आणि एका दिवशी एकच. दुसरी 'एक्स', म्हणजे आधी न सांगता घेतली जाणारी, वीस मिनिटांची, मागच्या एक-दोन तासांवर. आणि तिसरी सगळ्यात भयंकर: तासाच्या सुरुवातीला बाई वहीत बोट फिरवतात, एक नाव घेतात, त्या मुलाने फळ्याजवळ जाऊन मागच्या तासाला काय झालं ते सांगायचं, गुण तिथल्या तिथे. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून पास होण्याची जी आपली हातोटी असते, तिचा इथे काही उपयोग नाही. रोज थोडं करावंच लागतं.

शिवाय तोंडी सहभाग. हात वर करून बोललं की गुण, न बोललं की गुण नाहीत. फेब्रुवारीतल्या मधल्या गुणपत्रकात शेरा होता की मुक्ता लक्षपूर्वक ऐकते पण बोलत नाही. आपल्या डोक्यात गप्प बसणारं मूल म्हणजे शहाणं मूल; सासऱ्यांना फोनवर वाचून दाखवलं तर ते खूश झाले! इथे तो इशारा असतो. शिक्षकांनी एक युक्ती सांगितली, जी मी पुढे अनेकांना सांगितली: प्रत्येक तासाला एकदाच हात वर करायचा, पण पहिल्या दहा मिनिटांत. नंतर कठीण प्रश्न येतात आणि बोलणारी मुलं तास ताब्यात घेतात.

माझी तक्रार एका शिक्षकांबद्दल होती, ते कोण हे सांगण्यात अर्थ नाही. गणितात उत्तर बरोबर असूनही 'आमची पद्धत अशी नाही' म्हणून अर्धे गुण कापायचे. पुण्यात शिकलेली भागाकाराची मांडणी इथे चालत नाही, दशांशाला टिंबाऐवजी स्वल्पविराम, हजाराला टिंब. भेटीच्या वेळी मी विचारलं तर म्हणाले, पद्धतही अभ्यासक्रमात आहे. मला ते पटलेलं नाही. मुक्ताने आठवडाभरात मांडणी बदलली आणि विषय संपवला, माझ्या डोक्यात मात्र तो अजून आहे.

सहावीपासून दुसरी परकी भाषा. पर्याय लॅटिन किंवा फ्रेंच, निवड पाचवीच्या उन्हाळ्याआधी. बहुतेक भारतीय घरांत इथे फ्रेंच घेतात, जिवंत भाषा, उपयोगी, वगैरे. मी शालान्त परीक्षेला शंभर मार्कांचं संस्कृत घेतलेल्या पिढीतली. खरं सांगायचं तर आम्ही ते मार्कांसाठी घेतलं, सगळ्या वर्गानेच. पण लॅटिनचं पुस्तक चाळताना मला घरी आल्यासारखं झालं: विभक्त्यांचे तक्ते, तीन लिंगं, क्रियापदाचे पुरुष आणि वचनं. फक्त द्विवचन नाही आणि विभक्त्या सहा. मुलीवर लादायचं नाही असं ठरवलं होतं, पण मेणाच्या पाटीची आठवण तिच्या मनात होतीच. तिने लॅटिन लिहिलं.

याचा फायदा झाला तो जर्मनला, आणि कसा ते डोळ्यांनी पाहिलं. गृहपाठात वाक्य होतं: सेर्वुस दोमिनो किबुम दात. नोकर मालकाला अन्न देतो. बाईंनी रंग ठरवून दिले होते. कर्ता लाल, चतुर्थी हिरवी, द्वितीया निळी. मुक्ताने रंगवलं बरोबर, मग जर्मन लिहिताना थांबली: मालकाच्या आधी लागणारं उपपद 'डेम' की 'डेन'? जर्मन ती कानाने शिकली होती, या दोन शब्दांत तिला फरक ऐकूच यायचा नाही, त्यामुळे अंदाजाने ठोकून द्यायची. आता हिरवा रंग म्हणजे डेम, निळा म्हणजे डेन. मी म्हटलं, मराठीत 'मालकाला' म्हणताना शेवटी 'ला' लावतेस ना, तोच हा हिरवा. त्यानंतर काही महिन्यांत तिच्या जर्मन निबंधातल्या लाल रेघा कमी होत गेल्या. लॅटिनमध्ये परीक्षा म्हणजे मुख्यतः लॅटिनमधून जर्मनमध्ये भाषांतर, त्यामुळे दर वेळी शुद्ध जर्मन वाक्य लिहावंच लागतं. परक्या मुलासाठी लॅटिन कठीण जाईल असं आम्हाला दोघा-तिघांनी बजावलं होतं. उलट इथे सगळे एकाच रेषेवर उभे असतात. कोणाच्याच घरी लॅटिन बोलत नाहीत.

सातवीच्या वसंतात शाखा निवडायची पाळी आली. हा भाग आपल्या लोकांना नीट कळत नाही, कारण शाखा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दहावीनंतरचं आर्ट्स, कॉमर्स, सायन्स येतं. इथे तसं काही नाही. जर्मन, गणित, इंग्रजी, दुसरी भाषा, भौतिकशास्त्र, जीवशास्त्र, इतिहास, हे सगळं दोन्ही शाखांना. फरक आठवीपासून एवढाच: भाषा शाखेत तिसरी परकी भाषा येते, आमच्या शाळेत स्पॅनिश. विज्ञान-तंत्रज्ञान शाखेत रसायनशास्त्र एक वर्ष आधी, आठवीतच सुरू होतं, प्रयोगाचे तास जास्त, रसायनशास्त्राच्याही मोठ्या चाचण्या होतात, आणि पुढे संगणकशास्त्र स्वतंत्र विषय म्हणून जास्त काळ शिकतात. भाषा शाखेला रसायनशास्त्र येतं, पण नववीत.

आमच्या घरात दोघेही इंजिनिअर. नवऱ्याच्या मते यात निवडण्यासारखं काही नव्हतंच. त्याने एक्सेल उघडलं, दोन्ही शाखांचे प्रत्येक इयत्तेचे तास एकाखाली एक भरले, वजाबाकी केली आणि थोडा वेळ पडद्याकडे बघत बसला. फरक आठवड्याला थोड्याच तासांचा निघाला. शाखांच्या माहितीसभेत एका वडिलांनी विचारलं, म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात जायचं तर कोणती शाखा. उत्तर आलं, दोन्ही. आबिटुर एकच, त्यावर सगळी विद्यापीठं खुली, आणि वैद्यकीयसारख्या ठिकाणी गुण बघतात, शाखा नाही. त्या वडिलांनी प्रश्न थोडा फिरवून परत विचारला. उत्तर तेच.

मुक्ताला स्पॅनिश हवं होतं. कारण विचारलं तर तिच्याकडे तयार यादी नव्हती: मैत्रिणी जाताहेत, लॅटिननंतर सोपं जाईल, आणि 'मला भाषा जमतात'. शेवटचं वाक्य मी दोनदा ऐकून घेतलं. चौथीत जिला भाषेवरून अडवायला निघाले होते, ती हे म्हणत होती. मला मात्र काळजी वेगळीच होती. वार्षिक गुणपत्रकात एक ६ किंवा दोन ५ आले तर वरच्या वर्गात सरळ ढकलत नाहीत. उन्हाळ्याच्या सुट्टीच्या शेवटी फेरपरीक्षा द्यावी लागते किंवा वर्ष पुन्हा. तिसरी भाषा म्हणजे रोजचे शब्द, रोजची क्रियापदं, आणि लॅटिनही चालूच. जबरदस्तीने घेतलेली तिसरी भाषा हा ५ मिळवण्याचा खात्रीचा मार्ग आहे. पण जबरदस्तीने घेतलेलं रसायनशास्त्रही तसाच. मग ज्याची तिला ओढ आहे ते घेऊ दे, असं आम्ही म्हटलं आणि फॉर्मवर सही केली.

साताऱ्याला सासऱ्यांना व्हिडिओ कॉलवर सांगितलं.

"म्हणजे आर्ट्स?" बाबा म्हणाले.

"नाही हो बाबा, फिजिक्स आहेच. केमिस्ट्री नववीत येतंय."

"मग सायन्स सोडलं का म्हणतेस?"

"मी नाही म्हटलं, तुम्हीच म्हणताय."

"इंजिनिअर होता येईल ना तिला?"

"होता येईल. डॉक्टरही."

"मग स्पॅनिश कशाला?" हा प्रश्न त्यांनी मला नाही, मुक्ताला विचारला. ती म्हणाली, "आजोबा, पुढच्या एक-दोन वर्षांत शाळेतून स्पेनला जायला मिळेल." त्यावर आजोबा गप्प झाले, आणि मग तिकडे शाकाहारी जेवण मिळतं का ते विचारू लागले.

आता आठवी चालू आहे. शेजारच्या तुकडीत विज्ञान शाखेत गेलेला आमच्या ओळखीतला एक मुलगा आहे. त्याला बर्नर पेटवण्याचा परवाना मिळालाय, खरोखरचा, लॅमिनेट केलेला, शाळेनेच दिलेला: आधी हवेची झडप बंद, मग काडी, मग गॅस, हे सगळं शिक्षकांसमोर करून दाखवल्यावर. मुक्ता त्याच्यावर जळते. तिने त्याच्याकडून रसायनशास्त्राची वही मागून आणली आहे, आणि तो तिच्याकडे लॅटिनच्या भाषांतरासाठी येतो. आमच्या जेवणाच्या टेबलावर दोघं बसतात तेव्हा मला एका शाखेचा दुसरीवर काय रुबाब असतो ते अजून दिसलेलं नाही. स्पॅनिशच्या पहिल्या शूलआउफगाबंत तिला २ मिळाले, भौतिकशास्त्रात ३. नवऱ्याने भौतिकशास्त्राचा कागद उचलून घेतला आणि चुका बघायला बसला.

आणखी एक निवड अकरावीत आहे, शेवटच्या दोन वर्षांत कोणता विषय जास्त तासांनी, जास्त खोलात करायचा त्याची. तो विषय शाखेवर अवलंबून नसतो. भाषा शाखेच्या मुलांना भौतिकशास्त्र घेता येतं आणि विज्ञानवाल्यांना इंग्रजी. मुक्ता सध्या दर आठवड्याला वेगळं नाव घेते. मागच्या आठवड्यात जीवशास्त्र होतं.